दाखल्यांचा हंगाम

गेला आठवडाभर मी माझ्या खुर्चीवर बसलेलो नाही. खुर्ची जागेवर आहे, तिच्यावरचं काळं लोकरीचं बसकरही जागेवर आहे, आणि मी मात्र शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून कामं उरकतो. स्टाफरूममध्ये एव्हाना मला मूळव्याध झाल्याचं सर्वानुमते ठरलं आहे. मराठीच्या मॅडमनी ताकात जिरेपूड घालून प्यायला सांगितलं, फिजिक्सवाल्याने एका वैद्याचा नंबर दिला. मी दोघांचेही आभार मानले. खरं कारण सांगण्यापेक्षा मूळव्याध बरी.

जून लागला की आमच्या विद्यापीठात पुठ्ठ्याची खोकी येऊन पडतात. सुतळी तोडली की आतून ताज्या छपाईचा वास येतो, थोडा रॉकेलसारखा, थोडा नव्या वहीसारखा. खोक्यांत माहितीपुस्तिका असतात. लोकांचा खरीप सुरू होतो, आमचा ॲडमिशनचा हंगाम. विद्यापीठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दगडी कमान आणि घड्याळाचा मनोरा आला असेल, तर तो आधी पाडा. खुलताबादच्या रस्त्याला तीन दुमजली इमारती, एक पत्र्याचं कँटीन आणि तिन्ही बाजूंनी बाभळींनी घेरलेलं मैदान, एवढाच आमचा पसारा. विद्यार्थी मोजके. अभ्यासक्रम मात्र दर जूनला नवे फुटतात, पावसाळ्यात भुईछत्र्या फुटाव्यात तसे, आणि बरेचसे दिवाळीपर्यंत सुकूनही जातात.

हंगामात आम्ही प्राध्यापक शिकवत नाही, फिरतो. प्रत्येकाच्या नावावर बारा विद्यार्थी लावलेले असतात आणि ते ‘आणायचे’ असतात. आमच्यात हेच क्रियापद चालतं, मंडईतून मेथी आणावी तसं. नुसता फॉर्म भरला म्हणजे पोरगं आलं असं कुणी धरत नाही. त्याची टी.सी. हाती आली की ते आलं. टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला. ज्याच्या हातात तो, त्याचा विद्यार्थी. म्हणून ‘कागदपत्रं तपासायला’ या सबबीखाली आम्ही तो आधीच मागून घेतो, प्रवेश विभागातल्या हिरव्या लोखंडी कपाटात ठेवतो, आणि सलीमभाई कपाटाला कुलूप लावतात. दाखला परत द्यायचा तर ज्या प्राध्यापकाने तो आणला त्याची सही लागते. मग पोराचं मन बदललं तरी बिघडत नाही. पाय हलत नाहीत.

यंदाच्या पुस्तिकेवर पुन्हा रेणुकाच आहे. पांढरा कोट, डोळ्यांवर गॉगल, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली आणि ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू. हा फोटो मी काढवून घेतला होता. सूक्ष्मदर्शकाचा बल्ब उडालेला होता, म्हणून मी टेबलाखाली उकिडवा बसून खालून मोबाइलचा टॉर्च धरला होता. तिच्या चेहऱ्यावर जो ज्ञानाचा प्रकाश पडलेला दिसतो तो माझ्या टॉर्चचा आहे. तिला हसू आलंय तेही त्याचंच. ती ज्या अभ्यासक्रमाला होती तो बंद पडला, पण फोटो चांगला होता, म्हणून यंदा तो दुसऱ्या अभ्यासक्रमाला लावलाय. पानोपानी ती हसतेय. खोकी फोडताना मी पुस्तिका पालथ्या घालून ठेवतो.

चार वर्षं झाली त्या जूनला. आठवलं की आधी वास येतात. झेरॉक्सच्या दुकानातल्या गरम कागदाचा. काळी-पिवळी जीपमधल्या डिझेलचा, आणि शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या पाटीतल्या जांभळांचा. रस्त्याच्या कडेला आल्याचं बेणं लावायला काढलेलं असायचं, त्याचा ओला, तिखट वास. आणि माझ्या नव्या बुटांचा. तपकिरी, टोकदार, उस्मानपुऱ्यातल्या एका सेलमधून घेतलेले. चालताना ते असे करकरायचे की मी वर्गात पोहोचायच्या आधी मुलांना कळायचं. मी संभाषणकौशल्य हा विषय शिकवतो. म्हणजे कसं बोलावं ते शिकवतो. गप्प कधी बसावं, हे प्रकरण आमच्या अभ्यासक्रमात नाही.

त्या वर्षी आमच्याकडे फॉरेन्सिक सायन्स फुटलं होतं. गुन्ह्याचे पुरावे तपासायचं शास्त्र. टीव्हीवरच्या मालिकांमुळे त्याचा बाजारात भाव होता. मी ते घेऊन निघालो आणि खुलताबादच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, मेंढपाळांच्या सात-आठ घरांच्या वस्तीवर पोहोचलो. पावसाळ्यात मेंढरं घरापाशी असतात, त्यामुळे माणसंही असतात. दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन जे निघतात ते उन्हाळ्यातच परततात. आप्पा म्हणजे रेणुकाचे वडील. लाल पागोटं, कानात बाळ्या, आणि सतत काहीतरी निवडणारे, वळणारे, कातणारे हात.

मी बूट दाराबाहेर काढले आणि आत घोंगडीवर बसलो. पुस्तिका उघडतोय तोच बाहेर गडबड झाली.

“घाबरू नका सर, खंड्या चावत नाय,” आप्पा म्हणाले.

“मग तो बूट घेऊन कुठं चाललाय?”

“बूट तेवढा चावतंय.”

त्यांची थोरली, दोन वेण्यांची, रानातून कुत्र्यामागे पळत गेली आणि डावा बूट घेऊन परत आली. ओढणीने त्याची लाळ पुसता पुसता ती तो उलटा करून बघत होती. “टाच खाल्ली सर. अर्ध्या चंद्रावानी तुकडा गेलाय.” मग बोट घालून तिने मापही सांगितलं, “सुपारी बसंल एवढा.”

दुसरा कुणी असता तर बुटासाठी रडला असता. मी धंदा केला. “बघा आप्पा! ही पोरगी जन्मताच फॉरेन्सिकची आहे. अशी नजर शिकवून येत नाही.”

“म्हंजी पोलिसात का?”

“पोलीससुद्धा यांना सॅल्यूट मारतात.”

“आप्पा, मला नर्सिंगला जायचंय,” रेणुका म्हणाली. मग माझ्याकडं वळून, “सरकारी कॉलेजचा फॉर्म भरलाय सर. यादी लागायची हाय.”

तिच्या आजीला शेवटच्या आजारात सलाईन लावायला वस्तीवर कुणी नव्हतं, म्हणून तिने हे ठरवलं होतं, असं तिने मला त्याच दिवशी सांगितलं. मी मान हलवत ऐकलं. समोरच्याचं ऐकताना मान कशी हलवावी, हे मी दुसऱ्या सत्रात शिकवतो.

“भरलास ते उत्तम,” मी म्हणालो. “नंबर लागला तर खुशाल जा. नाही लागला तर आम्ही आहोतच. तोवर टी.सी. तेवढी आमच्याकडे ठेव. इथं पाऊस, उंदीर…”

आप्पांनीच उठून आढ्याला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. “दे पोरी सरांकडं. हितं एखांदी शेळी खाईल.”

“नंबर लागला की एक फोन कर,” मी म्हणालो. “मी स्वतः घरी आणून देईन.” हे वाक्य मी त्या हंगामात चाळीस घरांत म्हटलं होतं. ते म्हणताना मी उजवा हात छातीवर ठेवतो.

आमच्या घरी एक गोष्ट सांगितली जायची. वडिलांची. चौथीनंतर त्यांना तालुक्याच्या बोर्डिंगात जायचं होतं आणि गावातले गुरुजी दाखला देईनात. आज या, उद्या या, शाई संपली, शिक्का हरवलाय. आमच्या वाड्यावरच्या पोराने पुढं शिकून काय करायचं, हे गुरुजींनी कधी तोंडाने म्हटलं नाही. वडिलांचं एक वर्ष त्या शिक्क्यापायी गेलं. नंतर ते शिकले, एसटीत कंडक्टर झाले, आम्हाला शिकवलं. पण जून आला की समोरच्या खोलीत, निळ्या कोटातल्या तसबिरीखाली बसून ते ही गोष्ट सांगायचे, आणि शेवटी दर वेळी हेच: “गुरुजी आत होते रे. खिडकीतून धोतर दिसत होतं. आणि बाई म्हणायची, घरात नाहीत.” लहानपणी मला या गोष्टीत गुरुजींचा भयंकर राग यायचा. गुरुजींच्या भूमिकेसाठी आपण पुढं इतके योग्य ठरू, अशी कल्पना नव्हती.

फोन गुरुवारी आला. जुलै संपत होता. शेवटच्या यादीत तिचा नंबर लागला होता आणि शनिवारपर्यंत मूळ कागद घेऊन तिकडे हजर व्हायचं होतं.

“सर, लागला!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. “उद्या सकाळी येते टी.सी. न्यायला. का तुम्हीच येताय?”

मी अभिनंदन केलं. फार मनापासून केलं, खोटं नाही. आणि फोन ठेवल्यावर फॉरेन्सिकची यादी काढली. नऊ नावं होती. नवापेक्षा कमी पोरं असतील तर वर्ग सुरू होणार नव्हता, आणि ज्याने तो वर्ग गावोगाव विकला त्याचं पुढच्या वर्षी काय होईल हे कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. माझी नोकरी अकरा-अकरा महिन्यांची. रेणुका नववी होती.

मी काही ठरवलं नव्हतं. आपण चांगले आहोत या समजुतीला चिकटून राहायचं असेल तर काही ठरवू नये, हे मला जमतं. शुक्रवारी सकाळी तळमजल्यावरून चाललो होतो तर खिडकीतून फाटकापाशी लाल पागोटं दिसलं, आणि त्याच्या मागे दोन वेण्या. माझ्या एका हाताला प्रवेश विभाग होता, दुसऱ्या हाताला फॉरेन्सिकची नवी प्रयोगशाळा. मी प्रयोगशाळेत शिरलो.

आतमध्ये नमुन्याचा गुन्हा मांडून ठेवलेला होता. फरशीवर खडूने आखलेली माणसाची आकृती, आणि तिच्यात कापडाच्या दुकानातून आणलेला, एका हाताचा पुतळा पालथा. दार प्लायवूडचं, जमिनीपासून चांगलं वीतभर वर टांगलेलं, कडी अजून बसवायची होती. म्हणून दाराला पाठ लावून उभा राहिलो. सलीमभाईंना फोनवर कुजबुजत सांगितलं, “सर दौऱ्यावर आहेत म्हणा.”

“सर, बच्ची आई है उसके अब्बा के साथ,” तेही कुजबुजले. “एक सही मार देव ना. कल आखरी दिन बोल रही वो.”

“सोमवारी म्हणा.”

“सोमवार कू क्या फायदा जी?”

मी फोन बंद केला. खोलीत आम्ही दोघंच होतो, एक प्रेत आणि एक मी. दोघांत जास्त निर्जीव कोण हे ओळखायला फॉरेन्सिक लागलं नसतं.

दीड तास मी तिथं उभा होतो. पलीकडं आप्पांचा आवाज येत होता. ते भांडत नव्हते, विचारत होते. सर कुठल्या गावाला गेलेत, कवा येतील, आम्ही तिकडंच जातो की. सलीमभाई नुसतं “मालूम नहीं चाचा” म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज बारीक होत होता. रेणुकाचा आवाज काही येईना. मी तिचाच आवाज ऐकायला कान लावून होतो. ती रडली, चिडली असती तर मी बाहेर आलो असतो, असं मी गेली चार वर्षं स्वतःला सांगतोय. मग चपला वाजल्या. दारापर्यंत आल्या. थांबल्या. आणि परत गेल्या.

“चला आप्पा,” ती म्हणाली. तेवढंच.

सोमवारी दोघं आली तेव्हा मी खुर्चीत होतो. “अगं, शनिवार गेला? अरेरे! मला एक फोन तरी करायचास!” तिने मला चौदा फोन केले होते. ते माझ्या खिशातच वाजले होते, आवाज बंद करून.

“व्हय सर,” ती म्हणाली. “मग हितंच घ्या माझी ॲडमिशन.”

पालकाच्या सहीच्या जागी आप्पांचा अंगठा घ्यायचा होता. सलीमभाईंनी शाईच्या डबीवर तीनदा दाबला, तीनदा कागदावर नुसता गोल काळा डाग उमटला. रेषा एकही नाही.

“रेशनच्या मशीनला बी नाय घावत सर,” आप्पा ओशाळून हसले. “कातरीनं गेल्या समद्या.”

आमच्या विद्यापीठातली पोरं अजूनही डोळ्यांपुढे येतात ती सप्टेंबरच्या दुपारची. साठ जणांच्या वर्गात नऊ जण, पहिल्या दोन बाकांवर चिकटून बसलेले, मागे रिकाम्या बाकांचं शेत. शिकवलं की आवाज मागच्या भिंतीवरून परत यायचा. फॉरेन्सिकला धड शिक्षक नव्हते. एक निवृत्त फौजदार शनिवारी येऊन आठवणी सांगायचे, रसायनवाले सर उरलेल्या तासांत काहीबाही करायचे, आणि मला ‘अहवाललेखन’ दिलं होतं. पोरं तरी आनंदात. नऊ डबे एकत्र उघडायचे, भाकरीचे, पोळीचे. लासूर स्टेशनहून गाडीने येणारा एक जण रोज पहिला तास चुकवायचा आणि रोज गाडीला शिव्या द्यायचा. ऑक्टोबरात रेणुका पिशवीभर सीताफळं आणायची, आणि प्रयोगशाळेतल्या प्रेताच्या पाठीवर बिया साचायच्या.

ती हुशार होती. ठशांमध्ये तर वेडी. बोटांवरची शंख-चक्रं तिला घरूनच ठाऊक होती, तिने इंग्रजी नावं त्यांना नुसती चिकटवली. एकदा तिने वस्तीवरच्या सगळ्यांचे ठसे आणले. आप्पांच्या कार्डावर दहा काळे डाग. खाली सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘रेषा झिजल्या आहेत. व्यक्ती ओळखता येत नाही.’ फौजदारांनी कार्ड उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

दुसऱ्या वर्षी बुटांच्या ठशांचं प्रात्यक्षिक होतं. ओल्या मातीत पाऊल उमटवायचं, त्यात प्लॅस्टर ओतायचं, वाळलं की साचा उचलायचा.

“सर, तुमचा बूट द्या ना. डावा.”

मी ऐटीत दिला. बाकीची पोरं हसत होती, मीही एका पायाने लंगडत विनोद करत होतो. ती मात्र शांतपणे प्लॅस्टर ढवळत होती. साचा निघाला. टाचेत अर्धचंद्राचा खड्डा, अगदी सुपारी बसेल एवढा. तिने तो पाण्याने धुतला, दोन्ही हातांत धरला, आणि माझ्याकडं बघितलं.

“खंड्याचा दात,” मी म्हणालो. “काय आठवण ठेवलीय लेकानं!”

“व्हय सर,” ती म्हणाली आणि अहवाल लिहायला बसली. मी तो अहवाल तपासला. दहापैकी नऊ दिले. ‘सदर टाच इतरत्र दिसल्यास निश्चित ओळखता येईल’ असं शेवटचं वाक्य होतं, त्याखाली मी लाल शाईने ‘छान’ लिहिलं.

बसकराचं सांगायचं राहिलं. पहिल्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, मेंढरं घेऊन निघायच्या आदल्या दिवशी आप्पा मुद्दाम आले. काखेत गुंडाळी. “लोकर घरची हाय सर. सूत म्या कातलं, पाव्हण्याकडनं इणून घेतलं. तुमची ती खुर्ची लई कडक हाय. दिवसभर बसताय, बूड दुखत आसंल.” मी नको म्हणालो, ते म्हणाले, “पोरीचा कागद तुमी कुलपात ठिवला. कोन करतंय येवढं?” आणि स्वतःच्या हाताने ते खुर्चीवर अंथरलं, चारी कोपरे ओढून सारखे केले. उन्हाळ्यात ते टोचतं. जवळजवळ चार वर्षं मी त्यावर बसलो. माणसाला कशाचीही सवय होते, याचं माझं बूड हे चालतं-बोलतं उदाहरण आहे.

तीन वर्षांत नवाचे पाच झाले. गेल्या वर्षी ते पास झाले आणि अभ्यासक्रम बंद झाला. पाचांतल्या एकालाही त्या शास्त्राची नोकरी लागली नाही. रेणुका आता उस्मानपुऱ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात असते. मला वाटलं, वा, शेवटी दवाखानाच. पण ती काउंटरवर बसते. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांकडून संमतीचा कागद भरून घ्यायचा, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्यायचा, हे तिचं काम. पलीकडच्या दारातून पांढऱ्या कपड्यांतल्या नर्स ये-जा करतात आणि तिला “ए, पेशंटची फाइल दे गं” म्हणतात. मी एकदाच बघितलं. माझी खोली तिथून तीन गल्ल्यांवर आहे. तेव्हापासून मी भाजीला लांबच्या रस्त्याने जातो.

आणि गेल्या आठवड्यात संचालकांनी यादी पुढं सरकवली. “या वस्तीवर तुमचा घरोबा आहे ना? त्यांची धाकटी बारावी झालीय.”

मी गेलो. बूट केव्हाच फेकलेत, साध्या चपला घालून गेलो. खंड्या म्हातारा झालाय. त्याने चपला हुंगल्या आणि त्याला त्यात काही राम वाटला नाही. रेणुकाची साप्ताहिक सुट्टी होती, ती चुलीपाशी चहा करत होती. धाकटी, भागी, दारात उभी राहून मला निरखत होती. पुस्तिकेवर बहीण आणि समोरही बहीण, याची तिला मोठी गंमत वाटत होती.

“ताय, तू हितं लई गोरी दिसतीस.”

“टॉर्च हुता,” रेणुका म्हणाली. वर न बघता.

मी अजून एक शब्द बोललो नव्हतो. पुस्तिका उघडली नव्हती, हात छातीवर नेला नव्हता. आप्पा उठले, आढ्याची पिशवी काढली, तिच्यातून भागीचा दाखला काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

“घ्या सर. हिनं बी नर्सिंगचा फॉर्म भरलाय. तवर तुमच्याकडंच सुरक्षित ऱ्हाईल.”

कागद हातात आला. खरं सांगतो, पहिला विचार आला तो ‘बारा’ असा. अकरा झाले होते. दुसरा विचार यायला वेळ लागला, आणि तोवर भागी दारातून माझ्या हाताकडं बघत होती, अगदी तिच्या बहिणीसारखं, वस्तू उलटीसुलटी करून बघावी तसं.

मी कागद परत दिला. “आप्पा, हा कुणालाच देऊ नका. मलासुद्धा.”

आप्पांचा चेहरा पडला. “का हो सर? आमचं काय चुकलं का?”

आता बोलायचं होतं. पंधरा वर्षं मी पोरांना शिकवतोय, अवघड गोष्ट थोडक्यात आणि स्पष्ट कशी सांगावी. आप्पा हात पुढे करूनच उभे होते.

“सरांकडं आता कपाट नाय ऱ्हायलं, आप्पा,” रेणुका चुलीपासून म्हणाली. “मोडलंय. घरीच ठिवा.” आणि मला चहा दिला.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. दोन्ही बाजूंना मका गुडघ्याएवढा आला होता.

“रेणुका, त्या शुक्रवारी…”

“दाराखालून टाच दिसत हुती सर. खंड्यानं खाल्लेली.” ती समोर बघत होती. “तुमी पाठमोरे हुते.”

“म्हणजे तेव्हाच?”

“तवाच.”

“मग आमच्याकडेच प्रवेश का घेतलास?”

“दुसरीकडं कुठं घेनार? टी.सी. तुमच्याकडं हुती.”

लांब वळणावर बस दिसली. तिला हात करायला ती पुढं झाली.

“आप्पांना का नाही सांगितलंस?”

“सांगनार हुते. त्याच दिवशी, घरी गेल्या गेल्या. पर आप्पा म्हणले, सर असते तर दिली असती गं, देवमानूस हाय. आन् तसंच लोकरीचं पोतं घिऊन बसले. सकाळी बघितलेल्या तुमच्या रिकाम्या खुर्चीसाठी काळी काळी येगळी काढायला. एकेक केस बघत हुते उजेडात धरून.” तिने हात खाली घेतला. “मंग काय सांगनार?”

मी तोंड उघडलं.

“बस आली, सर,” ती म्हणाली.

आज सकाळी, स्टाफरूममध्ये कुणी यायच्या आत, मी ते बसकर खुर्चीवरून उचललं. खिडकीपाशी नेलं. उजेडात धरून, उलटंपालटं करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. एकही पांढरा धागा नाही.